रॉबर्ट स्मॉल्स: पळवलेलं जहाज आणि त्यानंतरचं अर्धशतक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रॉबर्ट स्मॉल्स हे नाव मराठीत कुठे दिसलंच तर बहुधा एकाच गोष्टीपुरतं दिसतं: गुलाम खलाशी, पळवलेलं जहाज, पहाटेचा अंधार. गोष्ट खरी आहे आणि थरारकही आहे. पण ती एका रात्रीची. त्यानंतर स्मॉल्स बावन्न वर्षं जगले आणि त्यातला मोठा काळ त्यांनी दक्षिण कॅरोलायना राज्याच्या राजकारणात घालवला. तिथं त्यांनी जे उभं केलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत मोडलं गेलं, आणि मोडणाऱ्यांच्या समोर बसून ते बोलले. जहाजाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं खाली आहेतच, पण जास्त जागा दिली आहे ती पुढच्या काळाला.

स्मॉल्स कोण होते, एका दमात सांगाल?

जन्म ५ एप्रिल १८३९, ब्यूफर्ट, दक्षिण कॅरोलायना. जन्मानं गुलाम. अमेरिकी यादवी युद्धात (गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तर) उत्तरेच्या आरमारासाठी जहाजं हाकणारे, पुढे कप्तान. १८६८ मध्ये राज्याच्या घटना परिषदेचे सदस्य, मग राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, मग राज्य सिनेटमध्ये, मग वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे केंद्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहात. उतारवयात ब्यूफर्ट बंदराचे जकात अधिकारी. मृत्यू फेब्रुवारी १९१५ मध्ये. ज्या घराच्या परसातल्या खोपटात जन्मले, त्याच घरात वारले, तेही घराचे मालक म्हणून.

त्यांचे वडील कोण?

कोणीतरी गोरा माणूस, इतकंच बहुतेक अभ्यासक धरून चालतात. ब्यूफर्टमध्ये बोट दाखवलं जायचं ते मालक हेन्री मकी यांच्याकडे. आई लिडिया पोलाइट ही मकींच्या घरात कामाला होती. तिचा जन्म जवळच्या लेडीज बेटावरच्या मळ्यातला. मुलगा घरात लाडका होता आणि लिडियाला त्याचीच धास्ती वाटायची. आपण कोण आहोत हे पोराच्या लक्षात राहावं म्हणून तिनं त्याला गुलामांचा लिलाव आणि चाबकाचे फटके मुद्दाम दाखवायला नेलं, अशी कुटुंबातली आठवण आहे.

गुलाम होते तर त्यांना पगार कसा मिळायचा?

हा प्रश्न बरेच जण विचारतात, कारण गुलाम म्हटलं की डोळ्यांसमोर कापसाचं शेतच येतं. शहरात चित्र निराळं होतं. मालक आपले गुलाम दुसऱ्याकडे भाड्यानं कामाला लावत आणि पगार स्वतः घेत. चार्ल्स्टन शहरात अशा गुलामांना दरवर्षी तांब्याचा बिल्ला घ्यावा लागे. त्यावर कामाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष कोरलेलं असे.

रॉबर्टला बाराव्या वर्षी चार्ल्स्टनला पाठवलं. आधी हॉटेलात वाढपी, मग रस्त्यावरचे दिवे लावणारा, मग बंदरावर. महिन्याला १६ डॉलर मिळायचे. त्यातला १ डॉलर त्याचा, १५ मालकाचे. पुढे त्यानं मालकाशी सौदा केला: दरमहा १५ डॉलर ठरलेले, वर जे कमावीन ते माझं. बंदरावर तो माल चढवायला, दोरखंड बांधायला, शिडं शिवायला शिकला आणि अखेर सुकाणूवर उभा राहिला. काळ्या माणसाला ‘पायलट’ म्हणायची पद्धत नव्हती, त्याला नुसता सुकाणूवाला म्हणत. काम मात्र तेच.

१८५६ च्या डिसेंबरात त्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या हॅना जोन्स हिच्याशी लग्न केलं. हॅना दुसऱ्याच मालकाची गुलाम होती आणि कायदा असा की मूल आईच्या मालकाचं. त्यामुळे मुलगी झाली तेव्हा स्मॉल्स हॅनाच्या मालकाकडे गेले आणि आपली बायको व मुलगी विकत घेण्याचा भाव ठरवून आले: ८०० डॉलर. ते पैसे साठवणं चालू असतानाच १८६१ मध्ये युद्ध पेटलं.

त्या रात्री नेमकं काय झालं?

‘प्लँटर’ ही १४७ फुटांची, दोन्ही बाजूंना चाकं असलेली वाफेची बोट. एरवी कापूस वाहायची. युद्धात दक्षिणेच्या सैन्यानं ती चार्ल्स्टन बंदरात तोफा-दारूगोळा पोचवायला लावली. पाण्यात फार खोल बुडत नसल्यानं उथळ खाड्यांतही शिरायची. तिच्यावर तीन गोरे अधिकारी, बाकी खलाशी गुलाम, सुकाणूवर स्मॉल्स.

१२ मे १८६२ च्या संध्याकाळी बोटीवर चार तोफा चढवून ठेवल्या होत्या, सकाळी त्या बंदरातल्या तोफांच्या एका ठाण्यावर उतरवायच्या होत्या. अधिकाऱ्यांनी रात्री बोटीवरच राहावं असा हुकूम असूनही तिघे घरी झोपायला गेले. पुढे त्यांच्यावर लष्करी खटला भरला गेला तो यासाठीच.

पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्सनी बॉयलर पेटवायला सांगितला. धक्का सोडला आणि बोट उलट दिशेला नेऊन दुसऱ्या धक्क्याजवळ लपून बसलेल्या बायकामुलांना घेतलं. आरमाराच्या अहवालात आठ पुरुष, पाच बायका आणि तीन मुलं अशी नोंद आहे. पकडले गेलो तर बोट बुडवायची आणि सगळ्यांनी हात धरून पाण्यात उडी मारायची, हे आधीच ठरलं होतं.

खरी परीक्षा पुढे होती. बंदराच्या तोंडापर्यंत तोफांची ठाणी ओळीनं उभी आणि प्रत्येकापाशी शिट्टीची ठरलेली खूण द्यायची. स्मॉल्सनी कप्तानाची रुंद गवती हॅट डोक्यावर चढवली, त्याच्यासारखेच हात बांधून उभे राहिले आणि घाई न करता, रोजच्या चालीनं बोट नेली. सर्वांत शेवटचं ठाणं फोर्ट समटर. युद्धाची पहिली तोफ ज्याच्यावर डागली गेली तोच हा किल्ला. दोन लांब शिट्ट्या, एक आखूड. पहारेकऱ्यानं जाऊ दिलं.

समटरच्या तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरला आणि पांढरी चादर वर चढली. समोर उत्तरेच्या नाकेबंदीतलं ‘ऑनवर्ड’ हे जहाज तोफा रोखून उभं होतं. डागायच्या आत त्यांना ती चादर दिसली, एवढ्यावर सगळे वाचले.

चार तोफा आणि बोटीवरच्या स्वतःच्या दोन, शिवाय खुणांची वही, हा माल मोठाच. आरमाराला त्याहून मोलाची वाटली ती स्मॉल्सच्या डोक्यातली माहिती. कोल्स बेटावरचं तोफांचं ठाणं दक्षिणेनं सोडून दिलंय, हे त्यांनी सांगितलं आणि आठवड्याभरात उत्तरेच्या गनबोटी स्टोनो नदीत शिरल्या.

बक्षीस मिळालं का?

मिळालं, पण हात राखून. शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या किमतीतला वाटा खलाशांना मिळे. त्याच धर्तीवर संसदेनं ३० मे १८६२ रोजी कायदा करून अर्धी किंमत स्मॉल्स आणि साथीदारांना द्यायचं ठरवलं. मग बोटीची किंमत करणाऱ्यांनी ती सुमारे नऊ हजार डॉलर धरली! स्मॉल्स यांच्या वाट्याला १,५०० आले. किंमत फारच कमी धरली गेली, हे वॉशिंग्टननं पुढे मान्य केलं, आणि १९०० मध्ये संसदेनं एकूण ५,००० डॉलर मंजूर केले, त्यातून आधीचे १,५०० वजा करून. एव्हाना ते एकसष्ट वर्षांचे होते.

लिंकन यांना ते भेटले होते का?

ऑगस्ट १८६२ मध्ये मॅन्सफिल्ड फ्रेंच या पाद्रींबरोबर ते वॉशिंग्टनला गेले आणि काळ्या पुरुषांना सैन्यात घ्या ही मागणी राष्ट्राध्यक्षांपुढे आणि युद्धमंत्री स्टँटन यांच्यापुढे मांडली. त्याच महिन्यात स्टँटन यांनी ब्यूफर्टलगतच्या पोर्ट रॉयल भागात पाच हजारांपर्यंत काळे सैनिक भरती करायला परवानगी दिली. ती एकट्या स्मॉल्समुळे मिळाली असं म्हणणं जास्तीचं होईल, कारण सेनापती आणि गुलामगिरीविरोधी मंडळी आधीपासून रेटत होती. पण गुलामाच्या हाती शस्त्र दिलं तर काय होईल, या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर समोर उभं असणं हा युक्तिवाद साधा नव्हता.

त्यानंतरही ते लढतच होते. एप्रिल १८६३ मध्ये समटरवरच्या हल्ल्यात ‘किओकक’ या चिलखती जहाजाचं सुकाणू त्यांच्याकडे होतं. जहाजाला नव्वदहून अधिक गोळे लागले आणि दुसऱ्या सकाळी ते बुडालं, स्मॉल्स वाचले. पुढे ‘प्लँटर’वरच मारा सुरू झाला तेव्हा गोरा कप्तान कोळशाच्या कोठीत जाऊन लपला. स्मॉल्सनी बोट बाहेर काढली आणि कप्तानपद त्यांना मिळालं.

लिहायला-वाचायला कधी शिकले?

वयाच्या पंचविशीत. दक्षिण कॅरोलायनात गुलामाला लिहायला शिकवणं हा गुन्हा होता. १८६४ मध्ये ‘प्लँटर’ दुरुस्तीला फिलाडेल्फियाला नेली. ते काम महिनोन् महिने चाललं आणि त्या काळात त्यांनी शिकवणी लावली. याच शहरात एकदा पाऊस लागला म्हणून ते ट्राममध्ये चढले आणि काळे म्हणून त्यांना खाली उतरवलं. युद्धवीराला उतरवल्याचा गवगवा झाला, तिथल्या चळवळीनं तो मुद्दा धरून ठेवला आणि १८६७ मध्ये पेन्सिल्व्हेनियानं ट्राममधला हा भेदभाव कायद्यानं बंद केला.

शाळेचा विषय त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो, तो इथून.

मालकाचं घर त्यांनी विकत घेतलं, ही दंतकथा आहे का?

नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली हकिकत आहे. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमारानं पोर्ट रॉयल जिंकलं तेव्हा ब्यूफर्टचे गोरे मळेवाले घरंदारं टाकून पळाले. केंद्राचा कर थकला म्हणून ती घरं जप्त होऊन लिलावात निघाली. प्रिन्स स्ट्रीटवरचं मकींचं जुनं घर स्मॉल्सनी घेतलं. युद्धानंतर डीट्रेव्हिल नावाच्या जुन्या हक्कदारानं दावा लावला. १८७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्मॉल्स यांच्या बाजूनं निकाल दिला. तो निकाल त्या करलिलावातल्या कितीतरी खरेदीदारांच्या, त्यात असंख्य माजी गुलामांच्या, जमिनी पक्क्या करणारा ठरला. म्हातारपणी भ्रमिष्ट झालेली मकींची बायको एकदा आपलंच घर समजून आत आली आणि स्मॉल्सनी तिला ठेवून घेतलं, असं कुटुंबात सांगतात.

गुलामीतून सुटलेला माणूस सहा वर्षांत लोकप्रतिनिधी कसा झाला?

आकडा पाहिला की उलगडतं. १८६० च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलायनाची लोकसंख्या ७,०३,७०८ आणि त्यात गुलाम ४,०२,४०६. म्हणजे शंभरात सत्तावन्न. त्यांच्या हाती मत आलं की राज्य उलटंपालटं होणार हे उघडच होतं.

मार्च १८६७ मध्ये संसदेनं पुनर्रचनेचे कायदे केले. दक्षिणेची राज्यं लष्करी अमलाखाली आणली आणि नवी राज्यघटना लिहून, काळ्या पुरुषांना मताधिकार देऊनच संघराज्यात परत या, अशी अट घातली. जानेवारी ते मार्च १८६८ मध्ये चार्ल्स्टनला घटना परिषद भरली. १२४ सदस्य आणि बहुसंख्य काळे. ब्यूफर्टमधून स्मॉल्स.

आधीची व्यवस्था काय होती तेही पाहायला हवं. १७९० च्या घटनेत कनिष्ठ सभागृहात बसायचं तर स्वतःची ५०० एकर जमीन आणि दहा गुलाम लागत, नाहीतर दीडशे पौंडांची कर्जमुक्त स्थावर मालमत्ता. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही या राज्यात जनता मत देत नसे. १८६० पर्यंत तो हक्क विधिमंडळानं स्वतःकडेच ठेवला होता. त्यामुळे १८६८ च्या घटनेनं एकट्या काळ्यांना मत दिलं असं नव्हे, गरीब गोऱ्यालाही सभागृहाचं दार उघडलं.

स्मॉल्स यांनी या परिषदेत ठराव मांडला तो शाळांचा: सगळ्यांसाठी, मोफत आणि सक्तीच्या सार्वजनिक शाळांची व्यवस्था राज्यानं उभारावी. घटनेच्या शिक्षणविषयक प्रकरणात ते तत्त्व उतरलं, आणि सरकारी पैशावर चालणारी शाळा वंश वा रंग न पाहता सर्व मुलांना खुली असेल असं कलम आलं. प्रत्यक्षात वर्ग वेगळेच राहिले, पैसा कायम तुटपुंजा राहिला, सक्ती कागदावर राहिली. तरी ज्या राज्यात लिहिता येणं हाच गुलामाचा गुन्हा होता तिथं हे लिहिलं गेलं, तेही चार वर्षांपूर्वी अक्षरं गिरवणाऱ्या माणसाच्या ठरावातून. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी ही आहे, जहाज नव्हे.

राज्याच्या विधिमंडळात त्यांनी काय केलं?

१८६८ ते १८७० कनिष्ठ सभागृह. तिथं काळ्या सदस्यांचं बहुमत होतं. अमेरिकेत अन्य कुठल्याही राज्यात तसं झालेलं नाही. १८७० मध्ये सिनेटर जोनाथन राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर स्मॉल्स निवडून आले. १८७४ पर्यंत ते राज्य सिनेटमध्ये होते. छपाई समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं (हे लक्षात ठेवा, पुढे अंगाशी आलं). शिवाय राज्याच्या नागरी सेनेत ते चढत चढत मेजर जनरल झाले.

आपल्याकडच्या जुन्या तालुकापुढाऱ्याची ओळख पटावी असाच त्यांचा कारभार होता: दुकान, वर्तमानपत्र, घोड्यांच्या ट्राम कंपनीत भागीदारी, शाळेसाठी इमारत, लोकांची कामं, आणि भाषण तिथल्या बोलीत. समुद्रकाठच्या बेटांवरचे काळे लोक गुल्लाह बोलतात. स्मॉल्स त्याच बोलीतले, म्हणून बाहेरून आलेल्या शिकल्यासवरल्या नेत्यांपेक्षा लोक त्यांना मानत. त्यांच्याबद्दलचा एक किस्सा फार सांगितला जातो. एकजण म्हणतो, स्मॉल्ससारखा थोर माणूस जगात नाही. दुसरा म्हणतो, हो, पण येशूएवढा थोर नव्हे. त्यावर पहिला: स्मॉल्स अजून तरुण आहे, थांब जरा!

भातशेतीतल्या संपात त्यांची भूमिका काय होती?

१८७६ च्या उन्हाळ्यात कंबी नदीकाठच्या भातखाचरांतल्या मजुरांनी काम थांबवलं. मजुरी रोखीत मिळत नव्हती, चिठ्ठ्या मिळत, आणि त्या मळ्याच्याच दुकानात चालत. संपकरी लाठ्याकाठ्या घेऊन, मळेवाल्यांची माणसं बंदुका घेऊन आमनेसामने आली. राज्यपाल चेंबरलेन यांनी स्मॉल्सना पाठवलं. त्यांनी संपकऱ्यांना शांत केलं, अटकेचे आदेश निघालेल्यांना स्वतः ब्यूफर्टला नेलं आणि ते तिथं सुटले. काही मळ्यांवर मजुरी रोख झाली. रक्त सांडलं नाही. त्या वर्षी त्या राज्यात ही क्वचितची गोष्ट होती, कारण महिन्याभरापूर्वीच, ८ जुलैला, हँबर्ग गावात गोऱ्या टोळ्यांनी काळ्या नागरी सैनिकांना पकडून ठार मारलं होतं. स्मॉल्स तेव्हा वॉशिंग्टनच्या सभागृहात होते. आमच्या राज्यातून केंद्राचं सैन्य हलवू नका, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली होती.

त्यांनी लाच घेतली होती का?

न्यायालयानं दोषी ठरवलं, हे खरं. आरोप असा: राज्य सिनेटमध्ये असताना, जानेवारी १८७३ मध्ये, छपाईच्या कंत्राटासाठी ५,००० डॉलर घेतले. नोव्हेंबर १८७७ मध्ये तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन दिवसांत जामीन मिळाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली आणि १८७९ मध्ये राज्यपाल सिम्प्सन यांनी त्यांना माफी दिली.

आता बाकीचं. मुख्य साक्षीदार जोसेफस वुड्रफ. हाच सिनेटचा कारकून आणि छपाई कंपनी चालवणारा. तो आधी पळाला होता, त्याला पकडून आणलं आणि इतरांविरुद्ध साक्ष देण्याच्या बोलीवर सोडलं. खटला उभा राहिला तो १८७६ च्या हिंसक निवडणुकीनंतर ज्यांच्या हाती सत्ता आली त्या डेमोक्रॅटिक सरकारच्या काळात. संसदेतल्या जागेचा राजीनामा दे, प्रकरण मिटवतो, असा निरोप आपल्याला आला होता असं स्मॉल्स पुढे सांगत. माफीही देवाणघेवाणीत आली: निवडणुकीत गैरप्रकार केलेल्या डेमोक्रॅट मंडळींवरचे केंद्राचे खटले त्याच सुमारास मागे घेतले गेले.

त्या काळात राज्याच्या छपाईत पैसा खाल्ला गेला, बिलं अवाच्या सवा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्मॉल्स त्या समितीचे अध्यक्ष होते, तेव्हा ते पूर्ण अनभिज्ञ होते असं मला वाटत नाही. पण निव्वळ त्या साक्षीवर मी त्यांना दोषी धरणार नाही. ज्यांनी खटला भरला त्यांना भ्रष्टाचार नको होता की स्मॉल्स नको होते, हे माफीच्या सौद्यावरून कळतंच.

प्रतिनिधिगृहात ते किती काळ होते?

१८७५ ते १८७९, १८८२-८३ आणि १८८४ ते १८८७. मधल्या पहिल्या खंडामागचं कारण: मतं पडत, पण मोजली जात नसत. १८७८ च्या प्रचारात गिलिसनव्हिल गावी डेमोक्रॅटांच्या बाजूच्या सशस्त्र गोऱ्यांच्या लाल सदरेवाल्या टोळीनं त्यांना वेढलं. एका दुकानात ते आणि साथीदार कोंडून घेऊन बसले. आसपासचे काळे शेतकरी हाती येईल ते घेऊन धावत आले, तेव्हा टोळी पांगली. १८८० ची निवडणूक ते तक्रार लढवून, जुलै १८८२ मध्ये जिंकले. त्याच साली राज्यानं आठ मतपेट्यांचा कायदा आणला: प्रत्येक पदाची पेटी वेगळी, चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. ज्याला पेटीवरचं वाचता येत नाही त्याचं मत बाद व्हावं, हाच कायद्याचा हेतू होता.

ते रिपब्लिकन आणि विरोधक डेमोक्रॅट? उलट नाही ना?

उलट नाही. तेव्हा रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट म्हणजे जुने मळेवाले व त्यांचे अनुयायी. आजचे पक्ष डोक्यात ठेवून एकोणिसावं शतक वाचू नका.

१८९५ मध्ये काय झालं?

माझ्या मते त्यांच्या चरित्राचं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण हे आहे, आणि ते सर्वांत कमी सांगितलं जातं.

बेन टिलमन या नेत्यानं नवी घटना परिषद बोलावली आणि कशासाठी ते लपवलंही नाही: काळ्यांचं मत काढायचं. सप्टेंबर ते डिसेंबर १८९५, राजधानी कोलंबिया. १६० सदस्यांत काळे फक्त सहा. त्यातले पाच एकट्या ब्यूफर्टचे: स्मॉल्स, विल्यम व्हिपर, थॉमस मिलर, जेम्स विग आणि आयझाया रीड. सहावे जॉर्जटाउनचे रॉबर्ट अँडरसन. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या परिषदेत बसलेले स्मॉल्स आणि व्हिपर आता आपणच लिहिलेलं पुसताना पाहत होते.

केंद्राच्या पंधराव्या घटनादुरुस्तीमुळे ‘काळ्यांना मत नाही’ असं सरळ लिहिता येत नव्हतं. म्हणून वळसे घेतले: राज्यात दोन वर्षं वास्तव्य, मतदानाच्या सहा महिने आधी डोईपट्टी भरलेली हवी, घटनेचं कलम वाचून दाखवायचं किंवा नोंदणी अधिकाऱ्यानं वाचलेलं ‘समजल्याचं’ पटवून द्यायचं, आणि १८९८ नंतर लिहिता-वाचता येणं किंवा ३०० डॉलरच्या मालमत्तेवर कर. समजलं की नाही हे ठरवणार गोरा अधिकारी. गोऱ्या निरक्षराला समजणार आणि काळ्या शिक्षकाला नाही, याची खात्री सगळ्यांनाच होती.

स्मॉल्स उभे राहिले. टिलमननं लाचेचं जुनं प्रकरण उकरून काढलं. त्यांनी त्यालाही उत्तर दिलं. त्यांच्या भाषणातला एक विचार आज त्यांच्या स्मारकावर कोरलेला आहे: माझ्या लोकांना वेगळ्या बचावाची गरज नाही, या देशातला त्यांचा इतिहासच त्यांना कोणाच्याही बरोबरीचं ठरवतो, आयुष्याच्या लढाईत समान संधी एवढंच त्यांना हवं.

गोऱ्या-काळ्यांच्या विवाहबंदीचं कलम आलं तेव्हा त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. काळ्या बाईबरोबर राहणाऱ्या गोऱ्या पुरुषाला सरकारी पद मिळू नये, आणि त्यांच्या मुलाला बापाचं नाव व वारसा मिळावा. सभागृहात खळबळ माजली. आपल्या बापाचं नाव न मिळालेला माणूस हे सुचवत होता, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. दुरुस्ती अर्थातच पडली.

शेवटी घटनेवर सह्या करायची वेळ आली. सही न करणाऱ्याला प्रवासभत्ता मिळणार नाही असं सुचवलं गेलं, तेव्हा यावर सही करण्यापेक्षा मी ब्यूफर्टपर्यंत चालत जाईन, असं स्मॉल्स म्हणाले. त्यांनी सही केली नाही. ही घटना जनतेच्या मताला टाकलीच नाही. शाळा वंशानुसार वेगळ्या असतील हे तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. अनेक दुरुस्त्या होऊन, पण हीच १८९५ ची घटना दक्षिण कॅरोलायनात आजही लागू आहे.

त्यानंतर?

१८८९ पासून, मधली काही वर्षं सोडता, ते ब्यूफर्ट बंदराचे जकात अधिकारी होते. डेमोक्रॅट विल्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९१३ मध्ये ते पद गेलं. हॅना १८८३ मध्ये वारली. १८९० मध्ये त्यांनी ॲनी विग या शिक्षिकेशी लग्न केलं, तीही पाच वर्षांत गेली. तिच्यापासून एक मुलगा. मधुमेह आणि हिवतापानं ते खंगत गेले.

मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध?

दोन धागे खरे आहेत, तिसरा ओढूनताणून आणण्यात अर्थ नाही. पहिला जोतीराव फुल्यांचा. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं, ते फुल्यांनी निग्रो गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी स्मॉल्स राज्य सिनेटमध्ये बसत होते. फुल्यांच्या कानावर त्यांचं नाव गेलं होतं असा कुठलाही पुरावा मी पाहिलेला नाही, तेव्हा तसं कोणी ठोकून दिलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरा धागा कापसाचा. स्मॉल्सनी ज्या नाकेबंदीच्या ताफ्याकडे बोट नेली, त्याच नाकेबंदीनं दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाणं तोडलं. लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या, वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावानं गेला, मुंबईत शेअरचं वेड पसरलं, आणि १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपताच कंपन्या धडाधड बुडाल्या.

ब्यूफर्टला गेलो तर काय पाहता येईल?

प्रिन्स स्ट्रीट, क्रमांक ५११ हे घर उभं आहे, पण खासगी आहे, बाहेरूनच पाहा. थोड्याच अंतरावर टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांची कबर आणि अर्धपुतळा आहे. पुनर्रचनेच्या काळाला वाहिलेलं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानही याच गावात. २०१७ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झालं, २०१९ मध्ये त्याला आताचा दर्जा मिळाला. जवळच्या सेंट हेलेना बेटावर सुटलेल्या गुलामांसाठी काढलेली १८६२ ची पेन शाळा आहे, ती चुकवू नका. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी आरमारानं ‘चॅन्सलर्सव्हिल’ या युद्धनौकेचं नाव बदलून ‘रॉबर्ट स्मॉल्स’ केलं. आधीचं नाव दक्षिणेच्या सैन्यानं जिंकलेल्या लढाईचं होतं. आणि कोलंबियातल्या राज्य विधिमंडळाच्या आवारात, जिथं टिलमनचा पुतळा १९४० पासून उभा आहे, तिथं स्मॉल्स यांचा पुतळा उभारायला २०२४ मध्ये कायद्यानं मंजुरी मिळाली.